बिबवेवाडीत भाड्याची जागा

भाजीची गाडी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. माल उतरला, पट्टी हाती आली, की परतीचा रस्ता. त्याच यार्डाच्या दक्षिणेला बिबवेवाडी आहे. नावात वाडी असली तरी आता ती महापालिकेत मोडते. १९८३ साली निघालेली विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तिथेच आहे. गावाकडचा मुलगा शिकायला किंवा कामाला पुण्यात गेला, की जागेच्या शोधात तो पुष्कळदा इकडेच वळतो.

एजंट आधी आडनाव विचारील, मग लग्न झाले आहे का ते विचारील. हे बरे नव्हे, पण घडते. तुम्हीही विचारायला लाजू नका. पाणी किती वेळ येते? विजेचा मीटर वेगळा आहे का? सोसायटीचा खर्च कोणी द्यायचा? दलाली किती?

पण खरी गोष्ट कागदाची. अनामत म्हणून काही महिन्यांचे भाडे एकदम मोजावे लागते. कांदा विकून उभी केलेली रक्कम नुसत्या तोंडी शब्दावर कशी द्यायची?

१९४७ च्या मुंबईच्या कायद्याने भाडी बांधून टाकली. भाडेकरू उठेनात, मालक जागा द्यायला कचरू लागले. त्यातून ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा करार रुजला. तो बहुधा ११ महिन्यांचा करतात. अशा करारावर राहणारा म्हणजे जुन्या वाड्यातला भाडेकरू नव्हे, बरे का! मुदत संपली की जागा सोडायची. अडून बसल्यास दुप्पट आकार द्यावा लागतो.

महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याप्रमाणे हा करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरतात. पण त्या भरवशावर राहू नका. म्हणणे मांडायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर मुलाचे वर्ष निघून जाते.

खर्च तरी किती? मुदतीच्या एकूण भाड्यात अनामतीवरचे वर्षाला १० टक्के व्याज मिळवायचे आणि त्यावर शेकडा पाव टक्का मुद्रांकशुल्क भरायचे. शहरात नोंदणीचे १,००० रुपये वेगळे. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरही होते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वरच्या वर्गातल्या मुलांकडून असा एखादा करार मोठ्याने वाचून घ्या. अनामत किती दिवसांत परत मिळणार, जागा सोडण्याची सूचना किती आधी द्यायची, रंगाचा खर्च कोणाचा, ही कलमे त्यांना शोधू द्या. शहरात जाणाऱ्याला एवढे सांगा, की अनामत बँकेतून द्यावी, रोख दिल्यास पावती घ्यावी, आणि सामान लावण्यापूर्वी भिंतींचे नि नळांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत.