पिंग गेला, पण कुठल्या पत्त्यावरून?

समजा, दोन लिनक्स राउटर आहेत. कीपअलाइव्हडी दोघांत एक व्हर्च्युअल आयपी फिरवतं, आणि शाखेचा व्हीपीएन त्याच आयपीवर येतो. तुम्ही मास्टरवर लॉगिन करून शाखेला पिंग केलं, उत्तर आलं. झालं काम? नाही हो! तो पिंग बहुधा राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून गेलाय. शाखेच्या फायरवॉलमध्ये व्हर्च्युअल आयपी घातलेलाच नसेल, तर ते यातून कळणारच नाही.

म्हणून पिंगला डॅश कॅपिटल आय लावून व्हर्च्युअल आयपी द्या. हीच कमांड बॅकअपवर चालवलीत तर बाइंडची एरर येते. घाबरू नका, तो पत्ता सध्या त्याच्याकडे नाहीच.

आता खरी मजा. शाखेकडून व्हर्च्युअल आयपीला पिंग चालू ठेवा आणि मास्टरची केबल काढा. व्हीआरआरपी दर सेकंदाला हजेरी लावतो. तीन हजेऱ्या चुकल्या की बॅकअप ताबा घेतो, प्रायॉरिटी १०० असेल तर साधारण ३.६ सेकंदांत. नुसती सर्व्हिस थांबवलीत तर मास्टर जाताना प्रायॉरिटी शून्य कळवतो, मग सेकंदही लागत नाही. त्यामुळे टेस्ट केबल काढूनच करा, आणि शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी नको.