रक्ताची साक्ष



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही आज रक्तावर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही कळते ते वाचनालयात बसून आणि डॉक्टर मित्रांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून मिळविलेले. पण या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या युनियनच्या एका सभासद भगिनीमुळे वळावे लागले.

ती एका कारखान्यात कॉइल गुंडाळण्याच्या खात्यात होती. वय सव्वीस. सकाळी बोटांचे सांधे आखडत, अंगात बारीक ताप राही, केस जात, उन्हातून आली की दोन्ही गालांवर लाली चढे. रजा संपली आणि गैरहजेरीबद्दल आरोपपत्र हातात पडले. कारखान्याच्या डॉक्टरांचा अभिप्राय असा की, बाईंना आजार काही नाही. चौकशीत आम्ही तिच्या बाजूने उभे होतो, पण पुरावा नव्हता. पुढे मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली. लघवीवाटे प्रथिन जात होते, आणि रक्तात काही विशिष्ट प्रतिपिंडे सापडली. रोगाचे नाव ल्युपस. तो कागद चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवला तेव्हा आरोपपत्र मागे घेतले गेले. रक्ताची ही साक्ष कशी निघते आणि ती कितपत खरी मानावी, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेत आहोत.

प्रतिपिंडे म्हणजे रक्तातले पहारेकरी. बाहेरून जंतू आला की शरीर त्याच्याच मापाचे प्रतिपिंड घडविते आणि त्याला धरते. शरीर स्वतःच्याच घटकांवर असे शस्त्र सहसा उचलणार नाही, अशी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाची विसाव्या शतकाच्या आरंभीची धारणा होती. ल्युपसमध्ये नेमके तेच घडते. पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजतात, आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी सगळे त्या मारात सापडतात. दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि रोग बहुधा ऐन उमेदीच्या वयात गाठतो.

या घरभेदाचा पहिला पुरावा १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. रुग्णांच्या अस्थिमज्जेत त्यांना एक चमत्कारिक पांढरी पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्रकच गिळले होते. लवकरच असे आढळले की, रुग्णाचे रक्तद्रव निरोगी माणसाच्या पेशींत मिसळले तरी तोच प्रकार होतो. म्हणजे दोष पेशीत नव्हता, रक्तद्रवात होता. १९५७ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की, या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे खुद्द डीएनएला, म्हणजे आनुवंशिकतेच्या मूळ द्रव्याला, जाऊन चिकटतात. १९६६ साली टॅन आणि कुंकेल यांनी आणखी एक प्रतिपिंड वर्णिले. एका रुग्णाच्या आडनावातली पहिली दोन अक्षरे घेऊन त्याला ‘एसएम’ म्हणतात.

पण याच्या आधीची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९०६ साली वासरमान यांनी उपदंशासाठी, म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो त्या गुप्तरोगासाठी, रक्ताची परीक्षा काढली. पुढे कळले की, ही परीक्षा रोगजंतूला धरीतच नाही. बैलाच्या हृदयातून काढलेल्या एका स्निग्ध द्रव्याशी रक्त कसे वागते एवढेच ती पाहते. १९४१ साली मेरी पँगबोर्न यांनी ते द्रव्य शुद्ध करून त्याला कार्डिओलिपिन हे नाव दिले. आता, ल्युपसच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तातही या द्रव्याला चिकटणारी प्रतिपिंडे असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लग्नापूर्वी ही परीक्षा सक्तीची झाली होती. जिने काहीही केले नाही अशा मुलीच्या कागदावर गुप्तरोगाचा शिक्का बसला, तर घरात काय झाले असेल, हे इथल्या भगिनींना आम्ही सांगायला नको. १९५२ साली हॅसरिक आणि लाँग यांनी अशा पाच रुग्णांची माहिती छापली, ज्यांची उपदंशाची परीक्षा आधी चुकीने होकारार्थी आली होती आणि पुढे ज्यांना ल्युपस झाला. १९८३ साली लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी दाखविले की, याच जातीच्या प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वारंवार गर्भपात होतात. म्हणजे साक्षीदार खोटा नव्हता. तो एका गोष्टीविषयी बोलत होता आणि ऐकणाऱ्यांनी भलतीच गोष्ट ऐकली.

ही चूक आजही होते, फक्त तिचे रूप बदलले आहे. ल्युपसचा संशय आला की पहिली तपासणी ‘एएनए’ची करतात. काचपट्टीवर वाढविलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचे पातळ केलेले रक्तद्रव घालतात, मग चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडतात. पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी उजळली, तर परीक्षा होकारार्थी. ल्युपसच्या शंभर रुग्णांत पंचाण्णवांहून अधिकांची ती तशी येते. पण १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, रक्तद्रव चाळीसपट पातळ करून पाहिले तर निरोगी माणसांतही सुमारे ३२ टक्क्यांची परीक्षा होकारार्थी येते. ८० पटीला १३ टक्के आणि १६० पटीला ५ टक्के. म्हणून २०१९ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत ही परीक्षा ८० पटीला होकारार्थी असणे ही केवळ दारातून आत येण्याची अट आहे. ताप, सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांचे गुण मोजून बेरीज दहापर्यंत जावी लागते.

आमच्या एका सभासदाच्या मुलीला थकवा होता. कोणीतरी ही तपासणी करविली आणि ती ८० पटीला होकारार्थी आली. सभासद आमच्याकडे येऊन म्हणाले, “दादा, पोरीच्या रक्तातच खोट निघाली. सोयरीक मोडायला आली.” आम्ही दोघांना घेऊन जाणत्या डॉक्टरांकडे गेलो. मुलीला ॲनिमिया होता. लोहाच्या गोळ्यांनी ती बरी झाली. दोरीला साप समजून घर पेटवायची वेळ आली होती.

मग खरी साक्ष कोणाची? एसएम प्रतिपिंड पाव-तीस टक्के रुग्णांतच सापडते, पण सापडले तर ल्युपसखेरीज दुसरीकडे क्वचितच. हा थोडे बोलणारा पण भरवशाचा साक्षीदार. डीएनएविरुद्धचे प्रतिपिंड पुष्कळ रुग्णांत सापडते, आणि अनेकदा रोग भडकला की चढते, शमला की उतरते. मूत्रपिंडाला धोका आहे का, हे पाहताना डॉक्टर त्याच्याबरोबर सी-३ आणि सी-४ ही रक्तातली प्रथिने घटली आहेत का, हेही पाहतात. ‘रो’ नावाचे प्रतिपिंड आईच्या रक्तातून गर्भात जाते, आणि अशा शंभर गर्भांत सुमारे दोघांच्या हृदयाच्या ठोक्यांत कायमचा अडथळा आणते. म्हणून दिवस राहण्याआधी ते ठाऊक असणे बरे.

२००३ साली अमेरिकी सैन्याच्या साठविलेल्या रक्तावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने तपासले, तेव्हा ११५ जणांत रोगनिदानापूर्वीच एखादे तरी प्रतिपिंड होते. काहींत तर नऊ वर्षांहूनही आधी. एएनए आणि रो आधी येतात, डीएनएविरुद्धचे मागाहून, आणि एसएम रोगाच्या अगदी तोंडावर. संप कधी एका दिवसात होत नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. तक्रारी आधी वर्षानुवर्षे साचतात. पण प्रत्येक तक्रारीचा संप होत नाही, हेही तितकेच खरे.

आणखी एक ऋण सांगायचे आहे. या तपासणीत जगभर वापरतात त्या हेप-२ नावाच्या पेशी घशाच्या कर्करोगाच्या समजल्या जात. पुढे सिद्ध झाले की, प्रयोगशाळेतल्या मिसळीमुळे त्या मुळात हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी आहेत. या काळ्या बाईंनी तंबाखूच्या शेतात कष्ट केले होते. नवरा पोलादाच्या कारखान्यात कामाला. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी बाई वारल्या. घरच्यांना वीस वर्षांहून अधिक काळ याचा पत्ता नव्हता. एका मोठ्या कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ साली. आमच्या त्या भगिनीचे रक्त उजळले ते या कष्टकरी बाईच्या पेशींवर.

चौकशीच्या खोल्यांत आयुष्य घालविलेला माणूस साक्षीदाराला दोन प्रश्न विचारायला शिकतो: तू स्वतः काय पाहिलेस, आणि इतर साक्षी तुझ्याशी जुळतात का? रक्ताच्या कागदालाही हेच विचारा. नुसत्या कागदावरून कोणाला रोगी ठरवू नका, आणि जिच्या अंगावर खूण दिसत नाही तिला कामचुकार म्हणू नका. सांधे, ताप, लाली, केस अशा तक्रारी एकत्र दिसल्या तर लघवी आणि रक्त वेळेवर तपासून घ्या. मूत्रपिंड बिघडू लागते ते मुकाट्याने.

आमची ती भगिनी आज कामावर आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी रोज घेते, ऊन टाळते, दर तीन महिन्यांनी रक्त देते. त्या दिवशी तिची पाळी सकाळची असली तर खात्यातल्या बाया बदली करून देतात; त्यासाठी आता अर्ज करावा लागत नाही.