जपानी छायाचित्रकार आणि नित्याचें जीवन

फुजी पर्वताचें शिखर, फुललेलें चेरीचें झाड, रंगीत किमोनो नेसलेली तरुणी. जपान म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एवढेंच उभें राहतें. परंतु त्याच देशांतील कांहीं छायाचित्रकारांनीं आपला कॅमेरा स्वयंपाकघराकडे, अंगणाकडे आणि गांवच्या नदीकडे वळविला आहे. ज्याकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं तें टिपून ठेवण्यांत स्वारस्य काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर दोन कलावंतांच्या कामांत सांपडतें.

रिंको कावाउची ह्या बाईंचा जन्म १९७२ सालचा. २००१ सालीं त्यांचीं तीन छायाचित्र-पुस्तकें एकदमच प्रसिद्ध झालीं. त्यांतील एकाचें नांव ‘उताताने’, म्हणजे डुलकी. साबणाचे फुगे, तव्यावरचें अंडें, पाण्यावर तोंडें उघडून आलेले मासे, असे त्याचे विषय आहेत. समोरासमोरच्या पानांवर अशीं दोन चित्रें येतात कीं त्यांचा संबंध पाहणाऱ्यानेंच जुळवावा. पुढें २००५ सालीं ‘कुई कुई’ हें पुस्तक निघालें. चिमण्यांच्या चिवचिवाटाला फ्रेंच भाषेंत हा शब्द आहे. तेरा वर्षें घरच्या माणसांचीं टिपलेलीं चित्रें त्यांत आहेत. जेवणें, हास्यविनोद, आजोबांचा मृत्यु आणि नव्या बालकाचें आगमन हें सर्व एकाच शांत प्रकाशांत तेथें दिसतें. वस्तु क्षणभंगुर आहेत ह्या जाणिवेनें मनाला होणाऱ्या कोमल वेदनेस जपानी लोक ‘मोनो नो अवारे’ म्हणतात. तिचाच हा आविष्कार होय.

नाओया हाताकेयामा ह्यांची कथा अधिक करुण आहे. इवाते प्रांतांतील रिकुझेनताकाता ह्या समुद्रकांठच्या गांवीं १९५८ सालीं ते जन्मले. चुनखडीच्या खाणींच्या भव्य चित्रांनीं त्यांना कीर्ति मिळाली. गांवीं गेले म्हणजे मात्र ते केसेन नदी, तिच्या कांठचीं घरें, असे साधे देखावे टिपीत. हीं चित्रें लोकांना दाखविण्यासाठीं नव्हतींच. ‘जगाचा एक लहानसा कोपरा’ अशा अर्थाचें फ्रेंच नांव दिलेल्या पेटींत तीं पडून असत.

११ मार्च २०११ रोजीं भूकंपामागून समुद्र गांवावर चालून आला. किनाऱ्यावरील सुमारें ७०,००० पाइन वृक्षांपैकीं एकच उभा राहिला. हाताकेयामांची आई गेली, घरहि गेलें. २०१२ सालीं त्यांनीं ‘केसेनगावा’, म्हणजे केसेन नदी, हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या पूर्वार्धांत पेटींतलीं तीं जुनीं चित्रें आहेत आणि उत्तरार्धांत त्याच भूमीवरील चिखल व ढिगारे.

पुलावरून जाणारा रस्ता, नदीवरचें ऊन, ह्यांत पूर्वीं विशेष कांहीं नव्हतें. आज त्या गांवच्या माणसाला आपलें गांव पाहावयाचें असेल तर तें तेथेंच पाहावें लागतें. चित्रांतील एक रेघहि बदललेली नाहीं. त्यांच्या बाहेरचें जग तेवढें नाहींसें झालें आहे.