सर्व्हर रूमचे बिल कोणाच्या टेबलावर येते?

(कापूरहोळ येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या फाट्यावरून एक वाट नारायणपूर-सासवडला जाते आणि दुसरी भोरला. भोरच्या वाटेला लागलं की वेळवंडीवरचं भाटघर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. त्या धरणाच्या पायथ्याशी एक वीजघर आहे, क्षमता १६ मेगावॅट. तेही शेतीसाठी पाणी सोडलं की चालतं, बारा महिने नाही. आता दुसरा आकडा घ्या. पनवेलला २०२० साली योट्टा कंपनीचं जे डेटा सेंटर सुरू झालं, त्याच्या पहिल्या एका इमारतीची क्षमता ७,२०० रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं) आणि ५० मेगावॅट. म्हणजे तीन भाटघरं, आणि तीही रात्रंदिवस, दिवाळीच्या दिवशीसुद्धा चालणारी. तुमच्या मोबाइलमधला फोटो, बँकेचा व्यवहार, सातबाऱ्याचा उतारा हे सगळं असल्याच कुठल्या तरी इमारतीत ठेवलेलं असतं.

पण आज मला पनवेलबद्दल फारसं बोलायचं नाही. त्या लोकांचा धंदाच वीज विकत घेऊन ती जागेसकट भाड्यानं देण्याचा आहे, त्यांना वाचवायला कोणी शिकवावं लागत नाही. माझा विषय त्याहून लहान आणि जास्त दुर्लक्षित आहे. खेड शिवापूरपासून शिरवळपर्यंत या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जे कारखाने, गोदामं, कार्यालयं उभी राहिली, त्यांच्या पोटात कुठे तरी काचेच्या दाराआड एक खोली असते. दारावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’. आत दहा-बारा रॅक, दोन यूपीएस, भिंतीला तीन-चार एसी. आत जाणारा माणूस स्वेटर घालून जातो. इथे बसलेल्या तरुणांपैकी काही जण रोज अशाच खोल्या सांभाळतात.

या खोलीचं बिल किती येतं, असं मी विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही. सांभाळणाऱ्याला काय विकत घ्यायचं, काय चालू ठेवायचं ते ठरवता येतं, पण महावितरणचं बिल त्याला कधी दिसत नाही. ते जातं अकाउंट्सला किंवा मेंटेनन्सच्या साहेबांकडे. त्या साहेबांना बिल दिसतं, पण सर्व्हरला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. सर्व्हर बंद पडला तर आयटीवाल्याची नोकरी जाईल, वीज वाया गेली तर कोणाचंच काही जात नाही. मग तो एसी सोळावर ठेवणार नाही तर काय करणार? मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. तेव्हा या विषयातली पहिली गोष्ट यंत्राची नाही, कंपनीच्या रचनेची आहे.

आता हिशेब मांडू. समजा, त्या खोलीतले सर्व्हर मिळून २० किलोवॅट ओढतात. सर्व्हरमध्ये गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, त्या अर्थानं सर्व्हर म्हणजे विचार करणारी शेगडी. २० किलोवॅटची शेगडी चोवीस तास पेटवून ठेवायची आणि ती उष्णता उपसायला एसी लावायचे. त्यात यूपीएसमधली गळती आणि दिवे आले. असं करून मुख्य मीटरवर ४० किलोवॅट दिसले, तर ४० भागिले २०, म्हणजे दोन. या भागाकाराला पीयूई म्हणतात. ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघानं २००७ साली तो रूढ केला. एक हा त्याचा आदर्श, म्हणजे सगळी वीज फक्त गणनेला. गुगलच्या मोठ्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास आहे. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहणीत जगाची सरासरी २००७ मध्ये २.५ होती. ती उतरत १.६ च्या जवळ आली आणि गेली काही वर्षं तिथेच अडून बसली आहे. आपल्याकडच्या कंपन्यांच्या खोल्यांमध्ये दोन आणि त्याहून वरचे आकडे मी नेहमी पाहतो.

वर्षाचे तास ८,७६०. ४० किलोवॅटचे झाले ३,५०,४०० युनिट. स्थिर आकारासकट युनिटला ९ रुपये धरा, तर साडेएकतीस लाख. पीयूई १.६ वर आणला तर सव्वासहा लाख वाचतात. हे कसं करायचं?

बहुतेक कामं इतकी साधी आहेत की सांगताना संकोच वाटतो. १९९२ साली आयबीएमच्या रॉबर्ट सलिव्हन यांनी सुचवलं की रॅकच्या रांगा समोरासमोर तोंड करून लावा, म्हणजे एका गल्लीत सगळी थंड हवा आणि पाठीमागच्या गल्लीत सगळी गरम. त्याला कोल्ड आयल, हॉट आयल म्हणतात. तीस वर्षं उलटली, तरी अजून अशा खोल्या दिसतात जिथे एका रॅकची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे आहे. पहिल्यानं सोडलेली गरम हवा दुसरा ओढून घेतो, आणि तो तापतो म्हणून पाचवा एसी मागवला जातो. रॅकमधल्या रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल लावा. प्लॅस्टिकची पट्टी आहे, किंमत किरकोळ. उचललेल्या फरशीत केबलसाठी पाडलेली भोकं बुजवा. गल्लीच्या टोकाला शीतगृहाच्या दाराला असतात तसले पट्टे सोडा. एवढं झालं की मग एसीचं तापमान वाढवा.

इथे लोक घाबरतात. सर्व्हरला थंडी लागते ही समजूत मोठ्या संगणकांच्या काळातली आहे. ॲश्रे या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेनं २००८ पासून सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश हवा चालते, असं सांगितलेलं आहे. मात्र तोंडाशी, छताला किंवा एसीच्या परतीच्या जाळीशी नव्हे. थर्मामीटर रॅकच्या समोर, वरच्या एक-तृतीयांश भागात लावा. तिथे २४-२५ दिसलं तरी बिघडत नाही. एक अंश वाढवला की थंडाव्याची वीज ढोबळमानानं दोन ते चार टक्क्यांनी उतरते. आणि पंख्याचा नियम लक्षात ठेवा: पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी होते. म्हणून चार पंखे मंद चालवणं हे दोन पंखे भरधाव चालवण्यापेक्षा स्वस्त पडतं. हे आपल्या मनाला पटत नाही, मीटरला पटतं.

यूपीएसचीही तीच तऱ्हा. सुरक्षेसाठी दोन घेतले, दोन्ही भविष्याचा विचार करून मोठे घेतले. ते भविष्य आलं नाही. प्रत्येक जण पंचवीस-तीस टक्के भारावर चालतो, आणि जुन्या यूपीएसची कार्यक्षमता तिथेच सगळ्यात वाईट असते. शिवाय एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच युनिटवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचाही हिशेब धरणाऱ्या युनिटवर होतं. हलक्या भारावरच्या यूपीएसचे फिल्टर आणि रात्री विसरून चालू राहिलेले कपॅसिटर मिळून पॉवर फॅक्टर पुढे ढकलतात, लीड करतात. त्याचाही भुर्दंड बिलात येतो. मेंटेनन्सचे साहेब म्हणतात, ‘आम्ही कपॅसिटर वाढवले, तरी बिल कमी होत नाही.’ अहो, वाढवले म्हणूनच होत नाही!

पण खरी बचत थंडाव्यात नाही, सर्व्हरमध्ये आहे, आणि तिथेच कोणी जात नाही. बारोसो आणि हॉल्झल या गुगलच्या दोघा अभियंत्यांनी २००७ साली दाखवून दिलं की सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या दहा ते पन्नास टक्केच काम करतो, आणि काहीही करत नसताना पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज खातो. नव्या यंत्रांत हे सुधारलं आहे, पण आपल्या खोल्यांत नवी यंत्रं किती? २०१५ साली जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी सुमारे ४,००० सर्व्हर तपासले. त्यातल्या ३० टक्क्यांनी सहा महिन्यांत काहीच काम केलेलं नव्हतं. जुनं पगाराचं सॉफ्टवेअर, बंद झालेल्या विभागाची फाइल, सोडून गेलेल्या माणसानं चाचणीसाठी लावलेलं काही तरी. कोणाचं आहे ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून बंद करायची हिंमत नाही.

त्याला पद्धत आहे. आधी वीज नाही, नेटवर्कची केबल काढायची आणि कोण ओरडतं ते पाहायचं. आपल्याकडे महिनाअखेर जाऊ द्या, तिमाही जाऊ द्या, आणि मार्च एंड मध्ये येत असेल तर तोही जाऊ द्या, कारण वर्षातून एकदाच जागं होणारं एखादं यंत्र तेव्हाच जागं होतं. मग बॅकअप घेऊन वीज काढा. उरलेली अर्धपोटी यंत्रं व्हर्च्युअलायझेशन करून, म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवून, दोन-तीन दणकट सर्व्हरांवर बसवा. आपल्या उदाहरणातले २० किलोवॅट १४ वर आले आणि पीयूई १.६ राहिला, तर साडेएकतीस लाखांचं बिल साडेसतरा-अठरा लाखांवर येतं.

यात एक फसगत आहे, ती सांगितली पाहिजे. तुम्ही ६ किलोवॅटचे निरुपयोगी सर्व्हर बंद केले आणि एसीला हात लावला नाही, तर ४० चे ३४ झाले, बिल १५ टक्क्यांनी उतरलं. पण ३४ भागिले १४ केलं तर पीयूई दोनवरून २.४ वर गेला! अहवालात तुम्ही नापास. उलट, काही काम नसलेले सर्व्हर चालू ठेवले की पीयूई छान दिसतो. बक्षिसं पीयूईवर वाटणाऱ्या कंपन्यांबद्दल माझ्या मनात म्हणूनच थोडा संशय असतो. विचारायचं ते युनिट.

कमी विजेत जास्त काम मोठ्या प्रमाणावर झाल्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला, ते सर्वांना माहीत असतं. ८ फेब्रुवारी २०१३ ला आलेल्या परम युवा-२ ची कथा कमी सांगितली जाते. आधीच्या परम युवाची क्षमता ५४ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं) होती, याची झाली ५२९. आणि वीज आधीपेक्षा सुमारे ३५ टक्के कमी. त्या नोव्हेंबरात वीज कमी खाणाऱ्या महासंगणकांच्या ‘ग्रीन ५००’ यादीत तो भारतात पहिला आणि जगात ४४ वा होता. पुढे २०१९ मध्ये पाषाणच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म बसला, त्यात हवेऐवजी द्रव थेट चिपजवळून फिरवून उष्णता काढतात. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजारपट उष्णता वाहून नेतं. पंख्यांची घरघर कशाला?

दहापट काम, कमी वीज. मग देशाची वीज वाचली का? विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ मध्येच कोळशाबद्दल लिहून ठेवलं की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी नव्हे, जास्त जळतो, कारण इंजिन वापरणं परवडू लागतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वापरले, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ते ९४५ अब्जांपर्यंत जातील असा त्यांचा अंदाज आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक त्यामागे आहे. कंपनीनं आपली खोली सुधारली तर कंपनीचे पैसे नक्की वाचतील. जगाचं काय होईल ते त्या खोलीत ठरत नाही.

विजेच्या वेळेबद्दल थोडक्यात. बॅकअप, अहवाल, मोठी गणितं रात्री लावायची आपली सवय रात्रीच्या सवलतीच्या काळातली आहे. सौर वीज वाढल्यावर वारं फिरलं. दिवसा, ऊन असताना वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असा २०२५ च्या दरआदेशाचा रोख आहे. तुमचं बिल आज कुठल्या तक्त्यानं येतं ते पाहा आणि त्याप्रमाणे वेळापत्रक हलवा.

आता पाण्याचं. पुण्याचा उन्हाळा तापट पण कोरडा, म्हणून पाणी उडवून थंडावा देणाऱ्या यंत्रणा इथे उत्तम चालतात आणि विजेचं बिल झपाट्यानं उतरवतात. विक्रेता तेवढंच सांगतो. एक युनिट उष्णता बाष्पीभवनानं घालवायला साधारण दीड लिटर पाणी लागतं, हे भौतिकशास्त्र आहे, त्यात घासाघीस चालत नाही. एक मेगावॅटच्या केंद्राची दिवसाची उष्णता २४,००० युनिट, म्हणजे ३६,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापानं साडेसहाशे लोकांचं पाणी. भोर आणि राजगड, म्हणजे आपलं वेल्हे, हे सह्याद्रीचा पाऊस अंगावर घेणारे तालुके. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यांतल्या वाड्यांवर टँकर जातो. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तोही मुंबईच्या विजेसाठी मावळातल्या जमिनी पाण्याखाली जात होत्या म्हणूनच. वीज आणि पाणी यांचा सौदा या भागाला नवा नाही.

पाणी न वापरणारे कोरडे चिलरही मिळतात, ते वीज जास्त खातात. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरता येतं, पण त्यासाठी शहर आणि त्याचं प्रक्रिया केंद्र जवळ हवं. हिंजवडीला जे जमेल ते महामार्गावरच्या गावाला जमेलच असं नाही. तेव्हा उद्या एखादी कंपनी या पट्ट्यात अशा केंद्रासाठी जागा मागायला आली, तर ग्रामपंचायतीनं पीयूई विचारू नये. तो वर्षाच्या सरासरीचा दाखला असतो, आणि वर्षाच्या सरासरीत जुलैचा गारवा एप्रिलची दुपार झाकून टाकतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रोज किती युनिट ओढणार, रोज किती लिटर पाणी लागणार आणि ते पाणी कुठून आणणार, एवढं लेखी मागावं. ज्यांच्याकडे मीटर आहेत, त्यांना हे लिहून द्यायला एक दिवस पुरतो.