शहाण्यानं पायरी चढावी

आज ज्यांचा दिवस आहे त्या माझ्या पदवीधर मुलामुलींनो,

ज्याचं आयुष्य तालुका कोर्टात गेलं अशा वकिलाला तुम्ही बोलावलंत. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. माझं घर ज्या पायरीवर चाललं, तिच्याबद्दल लोक असं बोलतात. तुम्ही आजपासून अधिकृत शहाणे झालात, म्हणून या म्हणीचा निकाल आजच लावून टाकू. त्यासाठी मी तुम्हांला माझा जिंकलेला एक खटला सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच रावेर भागातल्या एका शेतकऱ्याची निसवलेली केळी रात्रीतून कुणीतरी कापून टाकली. केळी कापणं म्हणजे काय, हे रावेरकरांना सांगायला नको. अकरा-बारा महिने पाणी द्यायचं, खत द्यायचं, वारावादळाची धास्ती घ्यायची, आणि ते खोड कोयत्याच्या एका घावात आडवं होतं. तीनेकशे खोडं पडली होती. कायदा काय म्हणतो ते विचारत शेतकरी बसला नाही. त्यानं थेट नाव सांगितलं. बांधावरून ज्याच्याशी भांडण होतं, त्या शेजाऱ्याचं.

त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत पन्नास रुपयांच्या वर कितीही नुकसान केलं, तरी कलम ४२७. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. नोंदवहीत नोंद झाली, आदेश आला, आणि पंचनाम्याला माणसं पोहोचली तोवर चार दिवस उलटले होते. खोडं काळी पडली होती. पंच म्हणून गावातलं कुणी उभं राहीना. 'कोर्टकचेरी नको रे बाबा' म्हणत जो तो मळ्याकडे निघून गेला. शेवटी फिर्यादीच्याच चुलतभावांनी सह्या केल्या.

मी आरोपीचा वकील होतो. उलटतपासणीला मला फार कष्ट पडले नाहीत.

"कापताना तुम्ही पाहिलं?"

"नाही. पन कोनी केलं ते मले माहीत हाये."

"कसं माहीत?"

"दुसरं कोन करीन?"

माझ्या अशिलाची निर्दोष सुटका झाली. त्यानं कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. एक मीही खाल्ला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी घरच्या धुण्यात एक सदरा हाती लागला, केळीच्या बागेत घातलेला. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळा पडतो आणि काही केल्या निघत नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. अंधारात तीनशे खोडं कापणाऱ्याचा सदरा कोरा राहिला असेल का? तो डाग गावातल्या कुठल्यातरी घरात दोरीवर वाळत होता. पण तो कुणी शोधलाच नाही. फिर्यादीला नाव माहीत होतं, त्यामुळे त्याला शोधायचं काही उरलं नव्हतं. फिर्याद लिहिणाऱ्यानं ते नाव लिहून घेतलं आणि त्याचंही काम संपलं. आणि मी? मला डाग सापडायला नकोच होता. माझ्या अशिलानं केळी कापली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्या दोन घरांचं बोलणं मात्र तेव्हा जे बंद झालं, ते आजतागायत.

मुलांनो, फौजदारी कायदा म्हणजे शिक्षांची यादी, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तो संशय आणि पुरावा यांच्यामधला रस्ता वाटतो. संशय घरबसल्या येतो. पुराव्यासाठी उठून चालत जावं लागतं. हा रस्ता चालायचा कंटाळा केला की काय होतं, ते सांगतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. कुणाला तरी संशय आला. जमाव जमला, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना जिवे मारण्यात आलं. सोडवायला आलेल्या पोलिसांवरही लोक धावून गेले. बाजाराला आलेल्या साध्या माणसांनी संशयापासून शिक्षेपर्यंतचा सगळा रस्ता काही मिनिटांत संपवला.

म्हणून तर कोर्टं लागतात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण दुसरी गोष्टही ऐका. २००३ साली जालना जिल्ह्यात भोकरदनकडे एका शेतवस्तीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातली पाच माणसं मारली गेली. या गुन्ह्यात भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. खटला चालला, अपिलं झाली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे तेच प्रकरण त्याच न्यायालयानं पुन्हा उघडलं, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. जी जखमी बाई वाचली होती, तिनं घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा माग पुढे कुणी काढला नाही. निर्दोष ठरलेल्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षांचे पाच लाख. आणि ज्या घरातली पाच माणसं गेली, त्या घराला काय मिळालं?

राईनपाड्याला जमाव होता, भोकरदनला फाइल होती. पण दोन्हीकडे बळी गेली ती पालावरची, पोटासाठी गाव सोडून फिरणारी माणसं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या नजरेतून तो अजून गेलेला नाही.

आता सुधारणांकडे येतो. राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या तारखेला, १ जुलै २०२४ला, देशात तीन नवे कायदे लागू झाले. १८६०ची दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम. तुमच्यातली कितीतरी मुलंमुली पहाटे रस्त्याच्या कडेनं पळताना मला दिसतात. पोलीस भरतीच्या पेपरासाठी तुम्ही ही नावं आणि कलमं पाठ केली असतील. पण पाठ करणं वेगळं आणि वापरणं वेगळं.

आता दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यानं फिर्याद घेतलीच पाहिजे. तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. आणि केळीचं म्हणाल, तर लाखाच्या वर नुकसान केलं की आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. माझ्या त्या फिर्यादीला हा कायदा मिळाला असता आणि नुकसान लाखाच्या वर भरलं असतं, तर चार दिवस वाया गेले नसते.

हे सगळं चांगलं आहे, आणि ते पुरेसं नाही. न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची सक्ती आहे, पण ती सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती. केळीच्या बागेत तज्ज्ञ येणार नाही. तिथला डाग तिथल्याच माणसाला बघावा लागेल. पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या आरोपीनं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला जामीन मिळण्याची तरतूद आहे. पण २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, आणि त्यांतली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते. दर चौघांत तिघांचा निकालच लागलेला नव्हता. त्यांतल्या कुणाचे दिवस भरले, हे मोजायला कुणीतरी बसलं पाहिजे. कायदा स्वतः उठून कोठडीचं दार उघडत नाही.

झुंडीनं केलेल्या खुनासाठीही नव्या संहितेत वेगळं पोटकलम आहे, १०३चं दुसरं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. आता मला सांगा, राईनपाड्याच्या जमावाचं कारण काय होतं? जात की अफवा? 'तत्सम' या एका शब्दात अफवा बसते का? उद्या यावर वकील तासन्‌तास भांडतील, आणि भांडावंच. पण हा वाद नेहमी खून झाल्यानंतरचा. खुनाच्या आधी त्या बाजारात एका माणसानं उभं राहून "थांबा, आधी विचारू" म्हणायला हवं होतं. ते कुठल्याच कलमात लिहिता येत नाही.

धुळ्याच्याच जिल्ह्यातले आणखी काही रविवार सांगतो. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी ते कैद्यांसमोर गीतेवर बोलत. समोर बसून ते शब्द उतरवून घेत होते साने गुरुजी. आज 'गीता प्रवचने' जगभर वाचली जातात, ती त्या लिहिण्यामुळे. गुरुजी स्वतः मोठे लेखक. त्यांना स्वतःची भर घालता आली नसती का? पण तिथे त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं आणि ते नीट लिहिलं. तुमच्यातलं कुणी उद्या ठाण्यात बसून रडणाऱ्या बाईचा जबाब लिहील, कुणी तलाठी म्हणून पंचनामा लिहील, कुणी बातमी लिहील. तिनं जे सांगितलं ते लिहा. आपल्याला जे आधीच 'माहीत' आहे, ते तिच्या तोंडी घालू नका. भोकरदनच्या त्या बाईचं म्हणणं एकानं जरी मनावर घेतलं असतं, तर सहा माणसांची सोळा वर्षं वाचली असती, आणि कदाचित खरे मारेकरीही सापडले असते.

म्हणून त्या म्हणीचा निकाल. स्वतःच्या हट्टासाठी, बांधाच्या वीतभर जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढू नये, इथवर ती खरी आहे. पण साक्ष द्यायची असेल, पंच म्हणून उभं राहायचं असेल, तेव्हा शहाण्यानंच ती चढावी. शहाणे मळ्याकडे निघून गेले, की मागे चुलतभाऊ उरतात. आणि माझ्यासारखे वकील त्यांची साक्ष पाच मिनिटांत उडवतात.

पदवी घेऊन तुम्ही घरी जाल. कधीतरी एका सकाळी बागेच्या कडेला जीप उभी राहील आणि हवालदार दोन पंच शोधत हिंडेल. मागच्या रांगेत सरकू नका. पुढे व्हा. कागद आधी पूर्ण वाचा, मगच सही करा. नाव सगळ्या गावाला माहीत असेल, तरी दोरीवरचे सदरे एकदा पाहून घ्या. डाग दिसला तर तो लिहायला लावा, मग सदरा कुणाचाही असो.