माडीला लॅकर लावताना



आज बोलायचंय माडीच्या फळ्यांबद्दल. आपल्या कोकणातल्या जुन्या घरांना लाकडी माडी असते. पावसाळा सरला की फळ्या कळाहीन दिसायला लागतात आणि कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, लॅकर घरच्या घरी लावता येईल का?" येतं. मी लावलंय. पण लावताना केलेली चूक आधी सांगते.

दुपारी दुसरा हात मारून झाला. ओल्या लॅकरवर धूळ बसू नये म्हणून मी माडीच्या खिडक्या घट्ट लावल्या आणि खाली आले. तिन्हीसांजा झाल्या. आमचं देवघर जिन्याखाली. सासूबाईंनी दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली, तेवढ्यात शेजारचे काका दारातूनच ओरडले, "वहिनी, काडी ओढू नका!" त्यांचं आयुष्य रंगकामात गेलेलं. घराबाहेर आलेला वास त्यांनी ओळखला होता.

लॅकरमधल्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फळ्यांच्या फटींतून आणि जिन्यावरून खाली उतरते. सिलिंडरचा गॅस गळला तर आपण काडी ओढत नाही, दिव्याचं बटणही दाबत नाही. इथेही तोच नियम. बटणाची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते.

म्हणून डबा उघडण्याआधी चूल, गॅस आणि देवाचा दिवा विझवायचा. घराची वीज मेन स्विचवरून बंद करायची. काम सकाळच्या उजेडात करायचं, खिडक्या-दारं सताड उघडी ठेवून. लहान मुलं, गरोदर बाई आणि दम्याचा त्रास असलेलं माणूस यांनी त्या दिवशी शेजारी राहायला जावं. तोंडाला ओढणी बांधून धूळ अडते, वाफ अडत नाही. डोकं हलकं वाटलं की ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या.

आता कामाकडे वळू. पावसाळ्यात हे करू नका. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते. थंडीचे कोरडे दिवस उत्तम. आधीचं मेण किंवा तेल राहिलं असेल तर लॅकर धरत नाही, म्हणून ते पूर्ण काढायचं. भोकं लांबीने बुजवायची. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, त्यानंतर १२०, शेवटी १८०. घासायचं लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे लॅकरखालून जास्तच उठून दिसतात. नंतर झाडून घ्या आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून फळ्या पूर्ण वाळू द्या.

पुढचं काम आपल्याला ठाऊक आहे. अंगण सारवताना आपण कुठून सुरुवात करतो? लांबच्या कोपऱ्यातून, मागे मागे सरकत दाराकडे. इथेही तसंच. आणि सारवण जाड झालं की त्याचे पोपडे निघतात, तसा लॅकरचाही हात पातळच हवा. एक हात पूर्ण वाळला की बारीक पॉलिशपेपर हलका फिरवायचा, धूळ पुसायची, मगच दुसरा. किती तास थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण. जड सामान आणि सतरंज्या आठवडाभर तरी नकोत.

आणखी एक सांगते. थिनरवालं साधं लॅकर खुर्ची-टेबलाला शोभतं, पण पायाखाली लवकर झिजतं. जमिनीसाठी पाण्यातलं पॉलियुरेथेन घ्या. ते महाग पडतं, पण टिकतं, वासही कमी येतो आणि ब्रश पाण्याने धुता येतो. खिडक्या मात्र तेव्हाही उघड्याच ठेवायच्या. अळशीचं तेल किंवा तेलाचं व्हार्निश वापरलं असेल तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा आणि डबा घराबाहेर ठेवा.

त्या संध्याकाळी काकांनी खिडक्या उघडायला लावल्या आणि आम्ही सगळे अंगणात बसलो. सासूबाईंचा जीव दिव्यासाठी तुटत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "आज देवाला अंधारात राहू दे. घर राहिलं तर दिवा रोजच लागेल."

माडी आज छान चमकते. पाहुणे कौतुक करतात तेव्हा मला मात्र ती न ओढलेली काडी आठवते.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.