आधी मान वर कर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकावर हशा पिकला, तो ऐकू आला! विषय मॉस्कोतल्या एका भुयारी मेट्रो स्थानकाचा आहे. पण तो शेवटी आपल्या चित्रकलेच्या तासापाशीच येतो.

कामानिमित्त मॉस्कोत होतो तेव्हा रोज मायाकोव्स्काया स्थानकावरून जात असे. वास्तुविशारद अलेक्सेई दुश्किन यांचं हे स्थानक ११ सप्टेंबर १९३८ रोजी सुरू झालं. खोली सुमारे ३३ मीटर, म्हणजे साधारण दहा मजले. एवढा मातीचा भार पेलायचा तर खांब जाडजूड हवेत, असं आम्ही बांधकामवाले म्हणणार. दुश्किन यांनी पोलादी सांगाडा घालून खांब सडपातळ ठेवले आणि वर स्टेनलेस स्टीलच्या पन्हाळीदार पट्ट्या मढवल्या. त्यामुळे दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं दिसतं. जमिनीखाली आहोत असं वाटतच नाही.

दोन आठवडे मी खांबच पाहत होतो. एक दिवस एक आजीबाई वर बघत उभ्या दिसल्या, म्हणून मीही मान वर केली. छतात ओळीने लंबगोल घुमट आणि प्रत्येकात अलेक्सांद्र देइनेका यांचं मोझेइक. सोव्हिएत देशातल्या चोवीस तासांचं आकाश! विमानं, पॅराशूटवाले, फळांनी लगडलेल्या फांद्या.

हेही सांगायला हवं, की त्याच १९३८ साली त्या देशात माणसं रात्रीतून उचलून नेली जात होती. छतावर त्याचा मागमूस नाही. पण तीनच वर्षांनी जर्मन विमानं आली आणि लोकांनी मुलाबाळांसह याच स्थानकात रात्री काढल्या. ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, शत्रू शहराच्या दाराशी असताना, क्रांतिदिनाची सभाही इथेच भरली. वरच्या खऱ्या आकाशाची धास्ती होती, तेव्हा त्या लोकांच्या डोक्यावर हे रंगीत आकाश होतं.

मी वहीत नाक खुपसून रेघा मारायचो, तेव्हा आपले चित्रकलेचे सर म्हणायचे, “अरे, आधी मान वर कर, मग काढ.” मला तो ओरडा वाटायचा. निरोप समारंभात सगळ्या शिक्षकांच्या पाया पडलो, सरांच्या तेवढ्या राहून गेल्या. त्या विषयाचे मार्क कुठे धरत होते!

आज सर आपल्यात नाहीत. त्या स्थानकात मान वर करून उभा असताना पहिली आठवण त्यांचीच झाली. सर, उशीर झाला, पण नमस्कार.